काचबिंदू जडल्यावर छंदांचे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसावे लागते, आणि तेवढ्या वेळात शेजारच्याशी बोलण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. गेली बारा वर्षे मी अशी बसत आले आहे. बाकावरची माणसे औषधांच्या किमतींबद्दल बोलतात, सुनांबद्दल बोलतात, आणि मग जरा आवाज उतरवून विचारतात, की आता वाचायचे नाही का, भरतकाम सोडायचे का, गडावर जायचे की नाही. आत गेल्यावर डॉक्टरांना मात्र हे कोणी विचारत नाही, कारण छंदाबद्दल विचारणे म्हणजे त्यांचा वेळ घेणे असे वाटते. खालील उत्तरे उघड्या कोनाच्या, म्हणजे संथपणे वाढणाऱ्या काचबिंदूला धरून लिहिली आहेत. अरुंद कोनाच्या प्रकारात काही गोष्टी निराळ्या असतात, म्हणून आपला प्रकार कोणता हे आधी विचारून घ्यावे.

डोळे जास्त वापरले तर काचबिंदू वाढतो का?

नाही. समईतले तेल जळून संपावे तशी दृष्टी वापरून संपते, अशी एक समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि तिच्यापायी अनेकांनी धडधाकट छंद बासनात बांधून ठेवले आहेत. काचबिंदूत प्रत्यक्षात होते ते असे: डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होत असते आणि सतत वाहून जात असते, त्याचा निचरा नीट झाला नाही की आतला दाब वाढतो आणि मागच्या बाजूने मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस हळूहळू क्षीण होत जाते. हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण काहींची नस त्या मर्यादेच्या आतल्या दाबानेही खराब होते. गेलेली दृष्टी परत येत नाही. वाचण्याने, विणण्याने किंवा बारीक काम करण्याने या नसेला इजा होते असे मात्र नाही. डोळे थकतात, कोरडे पडतात, डोके दुखते, आणि विश्रांतीनंतर ते थांबते.

म्हणून कोणत्याही छंदाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. या छंदाला माझा डोळा कमी पडतो का, हा पहिला. आणि या छंदाने माझ्या डोळ्याला अपाय होतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले तर उजेड, रंग, साधने, पद्धत यांत बदल करून बहुधा निभावते. दुसऱ्याचे ‘होय’ आले तर हौस बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलावे लागते. माझ्या पाहण्यात लोक नेमके उलटे करतात: वाचन सोडतात आणि शीर्षासन चालू ठेवतात.

तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, मग रोजच्या कामात अडखळायला का होते?

तक्ता फक्त मधली नजर तपासतो आणि काचबिंदू बहुधा मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवून कडेकडेने आत येतो. ज्या भागातले दिसत नाही तिथे काळा डागही दिसत नाही. मेंदू आजूबाजूच्या रंगाने ती जागा भरून काढतो, त्यामुळे आपल्याला काही दिसत नाहीसे झाले आहे याचाच पत्ता लागत नाही. दोन्ही डोळे एकमेकांची उणीव झाकतात, त्यामुळे लक्षात यायला आणखी उशीर होतो. याखेरीज सारख्या रंगांमधला फरक ओळखणे कठीण होते आणि उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो.

छंदाचा विचार करताना आपल्या फील्ड टेस्टचा, म्हणजे कडेचे किती दिसते ते मोजणाऱ्या तपासणीचा, कागद घेऊन बसावे आणि डॉक्टरांना एवढेच विचारावे, की माझे वरचे कमी दिसते की खालचे, नाकाकडचे की कानाकडचे. खालचे दिसत नसेल तर पायऱ्या आणि कशिद्याच्या रिंगचा खालचा अर्धा भाग फसवतो. वरचे दिसत नसेल तर झाडाच्या फांद्या आणि उंचावरून येणारे शटल. एवढे एक उत्तर हाती आले की पुढचे बदल आपले आपल्याला सुचू लागतात.

योगासने चालू ठेवावीत का?

याच प्रश्नाला सगळ्यांत जास्त जागा देणे भाग आहे, कारण योग निर्धोकच असतो या विश्वासाने माणसे बेसावध राहतात. डोके हृदयाच्या खाली गेले की डोळ्यातील दाब वाढतो. शीर्षासनात तो जवळजवळ दुप्पट होतो, हे भारतातच योगाभ्यासकांवर केलेल्या मोजणीत दिसले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अधोमुख श्वानासन, उत्तानासन, हलासन आणि विपरीतकरणी या चार स्थितींत दाब मोजला गेला. चारही स्थितींत तो पहिल्या मिनिटातच चढला, अधोमुख श्वानासनात सर्वाधिक चढला, आणि सरळ बसल्यावर दोनेक मिनिटांत पूर्ववत झाला.

यावरून शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन काचबिंदू असलेल्यांनी करू नये, असे बहुतेक नेत्रतज्ज्ञ सांगतात आणि मलाही त्यात घासाघीस करण्याजोगे काही दिसत नाही. सूर्यनमस्काराचे काय, असे लगेच विचारले जाते. त्यातले पुढे वाकणे क्षणभराचे असते आणि दाब वाढण्याचा काळही तेवढाच थोडा असतो. तरीही नस बरीच क्षीण झालेली असेल तर वाकताना डोके पूर्ण खाली न नेता हात खुर्चीच्या बैठकीवर किंवा भिंतीवर टेकवून तीच आवर्तने करता येतात. श्वास जोराने कोंडून धरणेही दाब वाढवते, म्हणून दीर्घ कुंभक टाळावा; सावकाश श्वास घेण्या-सोडण्याचे प्राणायाम, बैठी आसने, उभी आसने आणि शवासन यांना हरकत नाही. व्यायामशाळेत वजन उचलणाऱ्यांना हाच नियम लागू होतो: श्वास रोखून जड वजन उचलण्यापेक्षा हलके वजन, अधिक वेळा, श्वास सोडत उचलावे. भरभर चालण्यासारख्या व्यायामाने मात्र डोळ्यातील दाब थोडा उतरतो.

वर्गात शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. “काही होत नाही, मी सत्तर वर्षांच्या आजींकडून करून घेतले आहे,” असे मला एका वर्गात ऐकवले गेले. त्या आजींना काचबिंदू होता का, हे विचारल्यावर उत्तर आले नाही. मी वर्ग बदलला.

संगीताचा छंद असेल तर?

गाणे, हार्मोनियम, तबला, सतार यांत अडचण आली तर ती कागदावरचे बोल आणि स्वरलिपी वाचण्याची. फुंकून वाजवण्याच्या वाद्यांची गोष्ट वेगळी आहे. ट्रम्पेट आणि ओबो यांसारख्या, हवेला फार अडथळा असणाऱ्या वाद्यांवर जोराने फुंकताना डोळ्यातील दाब तेवढ्यापुरता वाढतो. सनई ही ओबोसारखीच दुहेरी पत्तीची असल्यामुळे सनईवादकांनी आपल्या रियाजाचे तास डॉक्टरांना आवर्जून सांगावेत. बासरीत हवा मोकळी वाहते, त्यामुळे तिथे काळजी कमी. वाद्य लगेच खाली ठेवावे असा याचा अर्थ नव्हे. सलग दोन तासांऐवजी मध्ये थांबत रियाज करणे आणि तपासण्या न चुकवणे एवढ्यावर बहुधा भागते.

स्वरलिपी वाचता येईनाशी झाली म्हणून शिकवणी सोडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी, दत्तजयंतीच्या वेळी तोंडाजवळ फटाका उडून अधू झाली. पुढे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले, १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि गाणे कागदावर उतरवण्याची एक पद्धतही त्यांनी स्वतः सिद्ध केली. बंदिशी तोंडी घेण्याची आपली चाल कमी दिसणाऱ्याच्या सोयीचीच आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घ्यावे आणि लिहायचेच असेल तर जाड काळ्या मार्करने, पानावर चारच ओळी लिहाव्यात.

भरतकाम, विणकाम, शिवण यांसाठी नेमके कोणते बदल करावेत?

इथे मी अनुभवाने बोलते, कारण कर्नाटकी कशिदा हा माझा जुना छंद आहे. निदान झाल्यानंतरच्या वर्षी काळ्या चंद्रकळेवर गडद जांभळ्या रेशमाने गोपुर भरायला घेतले होते. अर्ध्या तासाने रिंग खिडकीपाशी नेऊन पाहिली, तर खालच्या दोन पायऱ्यांचे टाके एक घर सोडून पडले होते. नंबर वाढला म्हणून चष्मा बदलून आले, तरी तेच. चूक नंबराची नव्हतीच. काळ्यावरचा जांभळा मला वेगळा दिसतच नव्हता.

तेव्हापासून मी गडद कापड घेत नाही. फिकट कापडावर गडद धागा, किंवा क्वचित त्याच्या उलट, एवढा उठाव असला की हात पूर्वीसारखाच चालतो. कापड फिकट आणि विणीचे असेल तर मांडीवर काळा टॉवेल पसरावा. विणीच्या फटींतून खालचा काळा रंग दिसतो आणि घरे मोजता येतात. कापड गडद घ्यावेच लागले तर टॉवेल पांढरा. स्वेटर विणताना लोकरीच्या रंगाशी विसंगत रंगाच्या सुया घ्याव्यात आणि टाके मोजण्याचे काम बोटांकडे सोपवून दर दहा टाक्यांवर खुणेची कडी अडकवावी.

उजेडाबद्दल सर्वांचाच एक गैरसमज असतो, की छताचा दिवा मोठा केला की झाले. छतावरच्या दिव्याने आपलीच सावली कामावर पडते. हव्या त्या दिशेला वळणारा टेबलदिवा कामाच्या जवळ, चालत्या हाताच्या विरुद्ध बाजूने आणि डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावा, म्हणजे त्याचा झोत डोळ्यांत येत नाही. बाकीची खोलीही अंधारी नसावी, नाहीतर नजर वर उचलल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही.

सुईत दोरा ओवण्यासाठी पातळ तारेची ओवणी मिळते, आणि वरच्या खाचेत दोरा दाबला की आपोआप आत शिरतो अशा सुयाही मिळतात. रविवारी सकाळच्या उन्हात दहा-बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे. माझी आई चष्म्याशिवायच्या काळात हेच करायची.

वाचनाचे काय करावे?

वाचन ही सवय आहे की पुस्तक हातात धरण्याचा आनंद आहे, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे, कारण त्यावर उपाय अवलंबून आहे. छापील पुस्तकच हवे असेल तर काळ्या पुठ्ठ्यात एक-दोन ओळी मावतील एवढी आडवी खिडकी कापावी आणि ती पानावर ठेवून सरकवत न्यावी. पांढऱ्या कागदाची चमक झाकली जाते आणि ओळ सुटत नाही. गुळगुळीत चकाकणाऱ्या कागदावरची मासिके टाळावीत. भिंग निवडताना सर्वांत मोठे न घेता पुरेल तेवढ्यात लहान शक्तीचे घ्यावे, कारण काचबिंदूत दृष्टीचे क्षेत्र आधीच आकसलेले असते आणि अक्षर फार मोठे केले तर ओळीचा अर्धा भाग त्या क्षेत्राबाहेर जातो. हा मुद्दा चष्म्याच्या दुकानात सहसा कोणी सांगत नाही. फोनवर किंवा टॅबवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे करून वाचणे अनेकांना सोपे जाते.

ऐकून वाचण्याला कमी लेखू नये. आपल्याकडे पोथी एकाने वाचायची आणि घराने ऐकायची, ही रीत काही जुनी झालेली नाही. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ साली सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे आणि त्यात भारतीय भाषांतली पुस्तके सुलभ स्वरूपात मिळतात. अशी पुस्तके लेखक-प्रकाशकांच्या परवानगीवाचून तयार करण्याची मुभा भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. त्यासंबंधीच्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देशही भारतच होता. आपण या वर्गात मोडतो का, ही शंका असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्या पाहावी: चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी असलेल्यांबरोबरच, ज्यांचे दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी उरले आहे त्यांचाही त्यात अल्पदृष्टी म्हणून समावेश होतो. काचबिंदूवाल्यांना हा दुसरा निकष सहसा माहीतच नसतो, आणि तक्ता नीट वाचता येतो म्हणून ते दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वाटेला जात नाहीत.

गड-किल्ले, डोंगरभटकंती थांबवावी का?

चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते, ही गोष्ट धडधाकट गुडघ्यांनाही माहीत आहे. खालचे दिसत नसेल तर प्रत्येक पायरी अंदाजाने उतरावी लागते. राजगडावरून उतरताना, दिवस पुरता मावळायच्या आधी, दगडाच्याच रंगाची शेवटची पायरी मला जमीन वाटली आणि मनगट मुरगळले. त्यानंतर मी तीन नियम केले. उजेड असताना पायथ्याशी पोचायचे; काठी बरोबर ठेवायची आणि उतरताना तिने पुढची खोली आधी चाचपायची; आणि पुढे चालणाऱ्याला भडक रंगाचे बूट घालायला सांगायचे, कारण त्याचे पाऊल कुठे पडते ते पाहून आपले टाकता येते. लोहगडासारख्या रुंद पायऱ्यांच्या वाटेवर हे पुरते. हरिहरच्या खड्या कातळातल्या पायऱ्या मी मनातून काढून टाकल्या आहेत आणि त्याचे मला वाईट वाटते, हेही इथेच सांगून टाकते. उन्हात गडद होणारा चष्मा असेल तर गुहेत किंवा दाट झाडीत शिरताना तो उतरवावा. त्याच्या काचा फिकट व्हायला काही मिनिटे लागतात.

पोहणे चालेल का?

चालेल. मात्र डोळ्यांच्या खोबणीत घट्ट रुतणारे लहान गॉगल दाब वाढवतात, म्हणून रुंद चौकटीचे, भुवईच्या हाडावर टेकणारे घ्यावेत. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल तर वरच्या पापणीखाली पाण्याच्या निचऱ्यासाठी केलेला फुगवटा असतो आणि त्यातून जंतुसंसर्ग होण्याची भीती कायम राहते. अशांनी सर्जनच्या परवानगीशिवाय तलावात, नदीत किंवा विहिरीत उतरू नये.

चेंडूचे खेळ?

क्रिकेट आणि बॅडमिंटन यांत चेंडू किंवा शटल मध्येच नाहीसे होऊन एकदम तोंडाजवळ प्रकटते. खेळायचेच असेल तर पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा लावूनच खेळावे, कारण उरलेल्या दृष्टीला मुका मार परवडणारा नाही. बुद्धिबळाला यातले काहीच लागत नाही. अंध खेळाडूंच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घरात भोक असते आणि मोहऱ्यांना खालून खुंटी असते, त्यामुळे हात फिरवून डाव समजतो. चाली मोठ्याने सांगायच्या असतात आणि ऐकताना घोटाळा होऊ नये म्हणून उभ्या ओळींना अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावे दिलेली असतात. थोडे कमी दिसणाऱ्यालाही हा पट सोयीचा पडतो.

मोटारसायकलवर लांब फिरायला जाण्याची आवड आहे.

दोन्ही डोळ्यांचे क्षेत्र आकसले असेल तर सोडावी. कडेने येणारे वाहन आणि रस्ता ओलांडणारे मूल याच छंदात आड येतात, आणि किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. मागे बसून फिरता येते.

बागकाम आणि लाकूडकाम?

कुंडीतल्या रोपांना आधार म्हणून लावलेल्या बांबूच्या काड्या हा खरा धोका आहे: वाकताना टोक समोरून येते आणि दिसत नाही. प्रत्येक टोकावर बाटलीचे रंगीत झाकण किंवा जुना चेंडू खोचावा. जमिनीवर ओणवे होऊन तासभर तण काढण्याऐवजी कुंड्या कट्ट्यावर घ्याव्यात. लाकडाचा भुसा किंवा परागकण यांनी डोळे चुरचुरले तर दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर डोळ्यातील दाब वाढू शकतो, आणि हे बाटली बघून सर्वसामान्य माणसाला कळत नाही.

चित्रकलेत कमी दिसण्यावर काही तोडगा आहे का?

शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांचा एक डोळा जन्मापासून निकामी होता आणि दुसऱ्याला फार मोठा चष्मा होता. १९५७ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली दृष्टीही गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून आणि चिकटवून चित्रे केली, मातीत आकार घडवले आणि कलाभवनाच्या भिंतीवर चिनी मातीच्या फरशांचे मोठे भित्तिचित्र साकारले. जलरंगातली फिकट छटा दिसेनाशी झालेल्यांना मी कागदकामच सुचवते, कारण कापलेल्या कागदाची कड बोटाला लागते. रंगांच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहून त्या नेहमी एकाच क्रमाने मांडाव्यात. घरच्यांनी त्या “आवरून” ठेवू नयेत.

थेंबांच्या वेळा आणि छंद यांचा मेळ कसा घालावा?

दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे आणि थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध घशात आणि रक्तात कमी उतरते. टिमोलॉलसारख्या थेंबांमुळे नाडीचे ठोके मंदावतात आणि दम्याचा त्रास असलेल्यांना ते घातक ठरू शकतात. चढावर पूर्वीपेक्षा लवकर धाप लागत असेल तर वयाला दोष देण्याआधी डॉक्टरांना सांगावे. पायलोकार्पिनच्या थेंबांनी बाहुली बारीक होते आणि संध्याकाळी आणखी अंधारल्यासारखे वाटते, म्हणून ते चालू असताना बारीक काम दिवसा उरकावे. लॅटानोप्रोस्ट हे दाब उतरवणारे औषध बहुधा रात्री एकदाच घालायचे असते. मुक्कामी सहलीला जाताना ते कपड्यांच्या पिशवीत न टाकता जवळच्या पिशवीत ठेवावे आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, कारण बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात. तंबूत हेडटॉर्चच्या उजेडात आरसा धरून थेंब घालण्याची कसरत करू नये. आडवे पडून, खालची पापणी ओढून, दुसऱ्याच्या हातून घालून घ्यावेत.